तणसाचं घर, गंजीच्या हिशोबानं

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीकडे धानाची मळणी आटोपली की तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, गंजी रचायला जाणता हात लागतो. आमच्या घरी तो हात सासूबाईंचा. खाली दगड, दगडांवर ओंडके, त्यावर तणस. मधोमध उंच, कडांना उतरतं, आणि सगळ्यात वरचा थर केस विंचरावेत तसा खाली झुकवलेला. आषाढ-श्रावणात झड लागते, वरचा वीतभर थर काळा पडतो. पण पोळ्याला आत हात घालून मूठभर ओढलं तर पिवळंधमक तणस निघतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून 22 वर्षं काम केलं. तणसाच्या गठ्ठ्यांचं घर बांधायचं ठरवलं तेव्हा ओव्हन, तराजू, थर्मामीटर ही माझी हत्यारं होती. पण घर टिकण्याचा हिशोब त्या गंजीतच होता. बुडाला ओल नको, डोक्यावरून पाणी लगेच खाली जायला हवं, आणि आत शिरलेला दमटपणा बाहेर पडायला वाट हवी. ह्या तीन गोष्टी जमल्या तर तणस वर्षानुवर्षं राहतं. एकही चुकली तर कितीही महागडं सामान वापरा, भिंत आतून कुजते.

कल्पना माझी नाही. अमेरिकेत नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांवर झाडं नव्हती. 19 व्या शतकाच्या शेवटी तिथं गवत दाबून गठ्ठे करणारी यंत्रं आली आणि लोकांनी त्याच गठ्ठ्यांच्या भिंती उभ्या केल्या. तिथल्या आर्थर गावचं 1928 चं गठ्ठ्यांचं चर्च आजही पाहता येतं. फ्रान्समध्ये मोंतार्जी इथं 1920 च्या सुमाराचं घर उभं आहे. नेब्रास्कातलीच एक शाळा मात्र गिलावा न केल्यानं गाईंनी खाल्ली, असं सांगतात. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "मंग मी काय म्हणत होती? ढोराचं खाणं हाये ते. ढोर घर खाऊन टाकन तं कुठं राहशीन?"

तुमच्या जागेला हे घर मानवेल का

आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, हवा कोरडी असते, आणि तणस दारात पडलेलं असतं. असं घर शोभतं ते अशाच ठिकाणी. पाऊस आमच्याकडेही भरपूर, पण आठ महिने भिंत सुकायला मिळतात. कोकणात किंवा घाटमाथ्यावर कुणी विचारलं तर मी सरळ नको म्हणते. तिथं जांभा आहे, दगड आहे. तणसाचा हट्ट कशाला? पूर येणाऱ्या नदीकाठालाही नको. आमच्या वैनगंगेचं पाणी ज्या गावांत घरात शिरतं तिथं जोतं कितीही उंच केलं तरी मला झोप लागणार नाही.

उष्णतेचं गणित सोपं आहे. दाबलेल्या तणसातून उष्णता वाहण्याचा आकडा 0.06 च्या आसपास, भाजलेल्या विटेचा 0.7-0.8. म्हणजे 9 इंची विटेची भिंत आणि 18 इंची गठ्ठ्यांची भिंत शेजारी उभ्या केल्या तर गठ्ठ्यांतून जेमतेम पंधरावा-सोळावा हिस्सा उष्णता आत येते. चहाचा थर्मास आणि पितळी तांब्या यांच्यात असतो तसा हा फरक.

पण इथं बहुतेकजण फसतात. आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य भिंतीला कमी आणि छपराला जास्त तापवतो. ब्रह्मपुरीत 24 मेच्या आसपास भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, उभ्या खांबाला सावली पडत नाही. तेव्हा भिंती तणसाच्या आणि वर नुसता पत्रा, असं केलंत तर थर्मासचं झाकण उघडं ठेवल्यासारखं होईल. पैसे कमी असतील तर आधी छपराखाली तणस-मातीचा थर घाला, मग पश्चिमेची भिंत गठ्ठ्यांची करा. बाकी तीन भिंती विटेच्या राहिल्या तरी चालेल. मी हे बांधून झाल्यावर शिकले. माझ्या चारही भिंती तणसाच्या आहेत.

अजून एक आधीच सांगते. घर अर्ध्या किमतीत होत नाही. भिंत हा घराच्या खर्चाचा लहानसा भाग. पाया, छप्पर, दारं-खिडक्या, वायरिंग यांना पैसे तेवढेच लागतात, आणि मजुरी गिलाव्यात जाते. बँकेनं कर्जाला नकार दिला. साहेबांनी अर्ज वाचून शिपायाला चहा सांगितला आणि हसले. आम्ही भविष्यनिर्वाह निधीतून आणि जुन्या घराच्या सागवानावर भागवलं.

आराखडा आतून काढा

आमचं घर बाहेरून 26 बाय 20 फूट. 18 इंचाचा गठ्ठा आणि दोन्हीकडून दीड-दीड इंच गिलावा, म्हणजे भिंत पावणेदोन फूट जाड. आत उरतात साडेबावीस बाय साडेसोळा. कागदावर बाहेरून रेषा मारणाऱ्याला आत पलंग ठेवताना रडू येतं, म्हणून आधी आतली खोली आखा आणि भिंत बाहेर वाढवा.

लांब भिंती उत्तर-दक्षिणेला तोंड करून ठेवा. दक्षिणेला अडीच फूट छप्पर पुढे काढलं की उन्हाळ्याचं ऊन खिडकीत येत नाही. डिसेंबरात मात्र सूर्य भरदुपारीही निम्म्या उंचीवर असतो, तेव्हाचं कोवळं ऊन आत येतं. खरा वैरी पश्चिमेचा. तिकडे आम्ही एकही खिडकी ठेवली नाही. सात फुटांची छपरी काढली आणि तिच्या एका टोकाला न्हाणीघर ठेवलं. वर्ध्याला गेलात तर सेवाग्रामची बापू कुटी भर उन्हाळ्यात पाहा. मातीच्या भिंती आणि खाली उतरलेली कवेलूंची, म्हणजे कौलांची, पडवी. त्या सावलीत मला जे कळलं ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

पाण्याची नळी गठ्ठ्याच्या भिंतीतून एकही न्यायची नाही. न्हाणीघराला आणि मोरीला वेगळी चार इंची विटेची भिंत घ्या, आणि ती विट व गठ्ठा यांच्यात दोन इंच मोकळी फट ठेवा. विजेच्या तारा चालतील, पण पाइपातून, आणि गिलाव्याच्या खाली कोरलेल्या खाचेतून.

गठ्ठे किती लागतील ते असं काढा. माझे गठ्ठे 36 इंच लांब, 18 रुंद, 14 उंच. भिंतींची मधली लांबी 85 फूट, म्हणजे एका थराला 29 गठ्ठे. सात थर लावले की सव्वाआठ फुटांच्या आसपास उंची मिळते आणि 203 गठ्ठे होतात. दारं-खिडक्यांचे वजा केले की 170. एकेक गठ्ठा 18 किलोचा, तर सगळं मिळून तीन टन तणस. दोन एकर धानात एवढं निघतं. आम्ही 210 गठ्ठे करून घेतले, आणि तरी जेमतेमच पुरले. कारण पुढे आहे.

गठ्ठा पारखून घ्या

गोल गठ्ठे करणारं यंत्र भिंतीच्या कामाचं नाही. ट्रॅक्टरला जोडायचा चौकोनी बेलर हवा. कंबाईननं कापलेलं तणस तुकडे-तुकडे झालेलं असतं. आम्ही विळ्यानं कापलेल्या धानाचं लांब तणस शेतात ढीग करून हातानंच बेलरला चारलं. बेलरवाल्याला दाब वाढवायला सांगा. तो कुरकुर करतो, कारण गुरांच्या चाऱ्यासाठी ढिले गठ्ठेच चालतात आणि सुतळी तुटत नाही.

पारख करायची ती अशी. गठ्ठा एका दोरीला धरून उचला. मधे झोळ पडला तर तो चाऱ्याला. दोरीखाली दोन बोटं कशीबशी शिरली पाहिजेत, मूठ शिरली तर ढिला. मग दोन्ही टोकं हुंगा. ओल्या गोणपाटाचा वास आला तर परत. धानाच्या लोंब्या राहिल्या असतील तरी परत, कारण दाणा आला की उंदीर आला, आणि उंदीर आला की त्याच्या मागं कोण येतो ते आमच्या झाडीपट्टीत सांगावं लागत नाही.

ओलीसाठी मी प्रयोगशाळेची पद्धत वापरली. दहा गठ्ठ्यांच्या पोटातून चिमूट-चिमूट तणस काढून 100 ग्रॅम भरलं, 105 अंशांवर ओव्हनमध्ये ठेवलं, आणि वजन घटायचं थांबेपर्यंत तासातासाला तोललं. 88 वर थांबलं, म्हणजे ओल 12 टक्के. 15 पर्यंत मी घेते, 20 च्या वर कुणीही घेऊ नये. ओव्हन नसेल तर धान्यव्यापाऱ्याकडे ओल मोजायचं यंत्र असतं, लांब सळईवालं मिळालं तर उत्तम.

आता ते कमी कसे झाले. डिसेंबरात गठ्ठे अंगणात रचून ताडपत्री घातली, चारही बाजूंनी घट्ट खोचून. फेब्रुवारीत अवकाळी आला, गारांसकट. ताडपत्रीला फक्त तीन-चार बारीक भोकं पडली होती, म्हणून मी निर्धास्त. पाचव्या दिवशी खोचलेली कड उचलली तर आतून गरम वाफ तोंडावर आली. ताडपत्रीच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब चिकटलेले होते. मधल्या गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला, तर उकडलेल्या भातासारखा गरम. पाऊस फारसा शिरलाच नव्हता, पण शिरलेला बाहेर पडायला मी वाट ठेवली नव्हती. 31 गठ्ठे खताच्या खड्ड्यात गेले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त त्यांच्या गंजीकडे पाहिलं. त्या गंजीवर एकही ताडपत्री नव्हती.

तेव्हा गठ्ठे लाकडी ओंडक्यांवर रचा, ताडपत्री वरून छपरासारखी ताणा, आणि बाजू उघड्या ठेवा. त्याहून बरं म्हणजे छप्पर आधी उभं करा आणि गठ्ठे त्याच्याखालीच ठेवा.

जोतं आणि छप्पर

आमची माती कन्हार, म्हणजे पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी. मुरूम लागेपर्यंत खणलं, साडेचार फूट. वर दगडाचं जोतं जमिनीपासून अडीच फूट. पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून फूट-दीड फूट उडतं, गठ्ठा त्याच्या वरच हवा.

जोत्यावर डांबरी चादर, तिच्यावर गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची पट्टी, दोन्हीकडे दोन-दोन इंच बाहेर काढून खाली वाकवलेली. वाळवी मातीचं भुयार बांधत वर येते, तिला ही कड ओलांडताना उघड्यावर यावं लागतं आणि आपल्याला दिसते. महिन्यातून एकदा झाडू हातात घेऊन चक्कर मारायची, बस. पत्र्यावर भिंतीच्या दोन्ही कडांना चार इंच उंचीच्या सागवानी पट्ट्या टाकल्या आणि मधे खडी भरली. घरात कधी माठ फुटला, फरशीवर पाणी साचलं, तर ते खडीत जाईल, गठ्ठा कोरडा राहील. गंजीखालच्या ओंडक्यांचंच हे काम.

नेब्रास्कात छपराचा भार गठ्ठ्यांवरच टाकत. आपल्याकडे मी सांगेन, खांब आणि मयालींचा, म्हणजे आडव्या तुळयांचा, सांगाडा उभा करा, छप्पर घाला, आणि मग सावलीत बसून भिंती रचा. आम्ही जुन्या घराचे सागवानी खांब भिंतीच्या आतल्या बाजूला मोकळे उभे केले. त्यामुळे गठ्ठे खांबासाठी कोरावे लागले नाहीत, आणि खांब दिसतात ते छानच दिसतात.

कवेलू घालायची माझी फार इच्छा होती. पण माकडं. एका टोळीनं एका दुपारी शेजाऱ्यांच्या छपराची काय दशा केली ते पाहून पत्राच घातला, वरून पांढरा रंगवलेला. त्याच्याखाली सहा इंच मोकळी हवा, दोन्ही पाखांच्या कडेला जाळी लावून उघडी. त्याच्याखाली बांबूचे तट्टे, आणि तट्ट्यांवर चिखलाच्या राबडीत बुडवून निथळलेलं तणस सहा इंच दाबून. बांबू आधी बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात बुडवून घेतला होता. नुसतं सुकं तणस छतावर कधीही टाकू नका, ती काड्यापेटी होईल. मातीनं माखलेलं तणस सहसा पेट घेत नाही. याचं वजन दर चौरस मीटरला 60 किलोच्या घरात जातं, तेव्हा मयाली त्या हिशोबानं घ्या, आणि सुकायला दीड महिना द्या. आमचं डिसेंबरअखेर घातलं, फेब्रुवारीच्या मध्यावर सुकलं.

केंद्र सरकारची घरांसाठीची ईको निवास संहिता 2018 मध्ये आली. तिच्यात छपरातून उष्णता शिरण्याच्या आकड्याला 1.2 ही मर्यादा आहे. साध्या सिमेंट स्लॅबचा हा आकडा 3 च्या पुढे जातो, आमच्या छपराचा माझ्या हिशोबानं 1 च्या आत बसतो. ग्रामसेवकांना हे सांगितलं. त्यांना त्याचं काही नव्हतं, घरपट्टीच्या नमुना 8 मध्ये भिंतीचा प्रकार काय लिहायचा हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी 'माती' असं लिहिलं गेलं. तणसाला रकाना नाही.

भिंत रचताना

विटांसारखेच गठ्ठे सांधा मोडून लावायचे, म्हणजे दर थराच्या टोकाला अर्धा गठ्ठा लागतो. दोरी कापली की गठ्ठा उशीसारखा फुटतो, म्हणून आधी नव्या दोऱ्या, मग जुन्या कापायच्या. लोहाराकडून तीन फुटी सळई चपटी करून टोकाला दोन भोकं पाडून आणा, ही तुमची दाभण. जिथं कापायचंय तिथं दाभणीनं नायलॉनची दोन टोकं आरपार काढा, एक डाव्या अर्ध्याचं, एक उजव्या अर्ध्याचं. उलट्या बाजूला माझे दीर गुडघा रोवून बसायचे, मी दोर ओढून गाठ मारायची. चारही गाठी बसल्या की जुन्या दोऱ्या विळ्यानं कापायच्या, आणि गठ्ठा भाकरी मोडल्यासारखा दोन तुकडे होऊन बाजूला होतो. पहिल्याला पाऊण तास लागला आणि दोन्ही तुकडे फुटले, दहाव्याला पाच मिनिटं.

दर दोन फुटांवर भिंतीच्या आतून आणि बाहेरून उभा बांबू लावून, दोन्ही बांबू गठ्ठ्यांतून आरपार दोरानं आवळा. भिंत एका फळीसारखी ताठ होते. सातवा थर मयालीखाली ठोकून घुसवायचा. राहिलेल्या फटी मातीत माखलेल्या तणसानं बोटांनी ठासून भरा. इथं आळस केलात तर उंदरांना आयतं दार. खालच्या फूटभर उंचीला आम्ही बारीक जाळीही मारली.

खिडक्यांच्या चौकटी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बसवा आणि आतल्या कडा कुऱ्हाडीनं तिरप्या छाटा. उजेड पसरतो, आणि आत बसायला पावणेदोन फुटांची ओटी मिळते. माझी भाची तिथंच बसून अभ्यास करते.

या दिवसांत आगीला जपा. गिलावा झालेली भिंत सहजी पेटत नाही, कारण दाबलेल्या तणसात हवाच कमी. अमेरिकेत 2006 मध्ये प्रमाणित चाचणी झाली, तिच्यात मातीचा गिलावा केलेली भिंत तासभर आगीसमोर टिकली. पण जमिनीवर सांडलेलं सुटं तणस एका ठिणगीत जातं. आम्ही रोज संध्याकाळी झाडून घेत होतो, विडी रस्त्यापलीकडे, आणि ग्रिलचं वेल्डिंग गठ्ठे यायच्या आधीच उरकलेलं.

गिलाव्यावरून भांडण

आमचे मिस्त्री 30 वर्षं सिमेंटवालेच. गठ्ठ्यांच्या भिंतीपुढे उभे राहून थापीनं कपाळ खाजवत म्हणाले, "जाळी मारू, शिमिट थापू. शिमिटाशिवाय भित उभी राहीन का जी मॅडम?" मी म्हटलं, घाम आल्यावर प्लॅस्टिकचा सदरा घालाल का? सिमेंटला बारीक चीर पडते, चिरेतून पाणी आत जातं आणि त्याला बाहेर पडता येत नाही. माती आणि चुना ओल घेतात तशी सोडतातही. तोंडानं पटलं नाही, तेव्हा दोन गठ्ठे अंगणात मांडले, एकाला सिमेंट, एकाला माती-चुना, आणि दोघांवर आठ दिवस रोज बादलीभर पाणी मारलं. नवव्या दिवशी मिस्त्रींनीच दोन्ही फोडले. सिमेंटवाल्याच्या आतलं तणस पिळता येत होतं. त्यानंतर ते माझ्यापेक्षा कडक झाले.

माती शेतातल्या बांधीची घेतली, वीतभर वरची काढून टाकून. काचेच्या बरणीत माती-पाणी हलवून रात्रभर ठेवलं की खाली वाळू, मधे गाळ, वर चिकण असे थर दिसतात. आमच्या मातीत चिकण फार होतं, म्हणून वाळू जास्त लागली. तक्त्यावर विसंबू नका. भिंतीवर फूटभराचे चार तुकडे चार प्रमाणांनी लावून बघा आणि सुकल्यावर ज्याला भेग नाही ते घ्या. आमच्याकडे एक माती, अडीच वाळू, वर मूठ-मूठ कापलेलं तणस आणि शेण हे जमलं. कालवून दहा दिवस कुजवलं. वास येतो, शेजारी विचारतात, सांगायचं.

पहिला हात थापीनं नाही, तळहातानं. ताकाएवढी पातळ राबडी तणसात घासून जिरवायची, बोटं आत जाईपर्यंत. हा हात भिंतीला धरून ठेवतो, पुढचे सगळे याच्यावरच उभे. गावातल्या बायका सारवणात मुरलेल्या, त्यांनी दीड दिवसात दोन भिंती केल्या. मिस्त्रींचा माणूस थापीनं वरवर फासत होता, त्याचा पोपडा तिसऱ्या दिवशी पडला. दुसरा हात इंचभर, पहिला ओलसर असतानाच. आतून शेवटी शेणाचं सारवण आणि छुईच्या पांढऱ्या मातीचा हात.

बाहेरून चुना. कळीचा चुना महिनाभर पाण्यात मुरवलेला, एकास तीन वाळू, आणि हिरडा-गुळाचं पाणी. चुना विझवताना उकळतो, डोळ्याला चष्मा आणि हाताला मोजे हवेतच, लहान मुलं लांब. हा हात फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. अवकाळीनं आमचा पश्चिमेचा चुना एप्रिलवर गेला. उन्हानं तो कच्चाच सुकला, बोट फिरवलं तर पिठासारखा गळायचा. खरवडून परत केला, या वेळी ओली गोणपाटं टांगून, दिवसातून चारदा शिंपडून, दहा दिवस. वर ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिकचा रंग कधीही नको. दर दिवाळीला चुन्याचा एक पातळ हात द्यायचा, बस.

राहायला गेल्यावर

पहिल्या मेमध्ये दोन थर्मामीटर लावले, एक छपरीतल्या सावलीत, एक आतल्या खोलीत. दुपारी तीनला बाहेर 44, आत 34. चौतीस म्हणजे थंडगार नव्हे, पण पंखा पुरतो. हे आपोआप होत नाही. रात्री आठला सगळ्या खिडक्या उघडायच्या, आतली माती आणि जमीन गार होऊ द्यायची, आणि सकाळी सातच्या आत बंद करायच्या. माझे यजमान पहिल्या वर्षी 'हवा येऊ दे' म्हणून दुपारी खिडकी उघडायचे, तेव्हा आकडा 38 वर जायचा. त्यांना थर्मामीटर दाखवावा लागला.

कूलर हा आपला विदर्भाचा देव. एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत समोरची खिडकी उघडी ठेवून लावला तर चालतो. मृगाचा पाऊस पडला की कूलर माळ्यावर. पावसाळ्यात बंद खोलीत कूलर म्हणजे भिंतीला रोज वाफारा.

भिंतीच्या आत काय चाललंय ते कळण्यासाठी सहा ठिकाणी प्लॅस्टिकची नळी घालून तिच्यात आंब्याच्या लाकडाचा तुकडा ठेवला आहे. दर महिन्याला काढून तोलते. त्याचं सुकं वजन आधीच लिहून ठेवलंय, त्यावरून ओल निघते. पाच ठिकाणी ऑगस्टमध्ये 16-17 च्या वर गेली नाही, दिवाळीपर्यंत 11 वर आली. न्हाणीघराशेजारची सहावी नळी पहिल्या वर्षी 19 दाखवत होती. शोधलं तर विटेच्या भिंतीमागची दोन इंचाची फट मिस्त्रींच्या माणसानं उरलेल्या मसाल्यानं भरून टाकली होती, 'उगाच रिकामी दिसते' म्हणून. फट मोकळी केली, पुढच्या वर्षी 16.

डागडुजीचं एकच सांगण्याजोगं. गेल्या वर्षी ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना ईशान्येच्या कोपऱ्याचा गिलावा हातभर उडाला. दोन दिवस दुर्लक्ष झालं. तिसऱ्या सकाळी कालवड दावं ताणून कोपऱ्याशी उभी, रवंथ करत, आणि भिंतीत परातीएवढं भगदाड. भरायला सोपं आहे. कडा ओल्या करून सैल तणस काढून टाका, मातीत माखलेलं लांब तणस मुठीनं ठासा, आठवडाभर सुकू द्या, मग राबडी, माती, चुना पहिल्यासारखं. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. कालवडीचा खुंटा सासूबाईंनी त्याच दुपारी उपटून गोठ्याच्या पलीकडे ठोकला.